चारित्र्याचा कागद आणि परिचारिकेची नोकरी



या सदराकडे येणारे प्रश्न एरवी उघडपणे विचारले जातात. ओसीआय कार्ड, मुलांचा भत्ता, ड्रायव्हिंग लायसन्स, यांबद्दल विचारताना कोणी लाजत नाही. पण गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या घरांतून आला, आणि तिन्ही वेळा त्याची सुरुवात "आमच्या ओळखीच्या एका मुलीचं आहे हो" अशी झाली. ओळखीची मुलगी बहुतेक घरातलीच असते, हे आम्हांला कळते. म्हणून नावे, गावे, वये सगळी बाजूला ठेवून आणि तिन्ही हकिकती एकत्र कालवून आम्ही इथे उत्तर देत आहोत.

प्रश्न असा : मुलगी (एका घरात मुलगा) नर्सिंग शिकते. दोन-तीन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर दुकानात एक प्रकार झाला, पोलीस आले, नंतर घरी पत्र आले, दंड भरून टाकला आणि विषय संपला असे सर्वांनी धरले. आता हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षणाला जायचे तर 'व्हीओजी' आणा म्हणतात. मिळेल का? नाही मिळाला तर शिक्षण वाया जाणार का? आणि कॉलेजला, हॉस्पिटलला सगळे कळणार का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण झोप त्यानेच उडालेली असते. व्हीओजी म्हणजे वर्तणुकीचा सरकारी दाखला. तो न्याय मंत्रालयाच्या 'युस्टिस' या खात्याकडून मिळतो. पूर्वी इथे आपल्याकडच्यासारखाच प्रकार होता : गावच्या महापौराकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला घ्यायचा. १ एप्रिल २००४ पासून ते काम मंत्र्यांच्या नावे एका ठिकाणी होऊ लागले. या दाखल्यावर तुमच्या भूतकाळाविषयी एक ओळही लिहिलेली नसते. मिळाला तर मिळाला. नाकारला तर नकाराचे पत्र आणि त्याची कारणे फक्त अर्जदाराला जातात, मालकाला नाही. मालकाला एवढेच दिसते की कागद आला नाही. त्यावरून तो काय समजायचे ते समजेल हे खरे, पण गुन्हा कोणता, केव्हाचा, हे त्याला युस्टिस सांगत नाही.

आता मिळेल का, हे पाहू. दरवर्षी दहा लाखांहून जास्त अर्ज येतात आणि त्यांतले शेकडा एकाहूनही कमी नाकारले जातात. हा आकडा आम्ही फोनवर सांगितला तेव्हा पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. पण लगेच हेही सांगायला हवे की त्या लाखो अर्जदारांपैकी बहुतेकांची नोंदच नसते. ज्यांची नोंद आहे त्यांच्यासाठी हिशेब वेगळा असतो.

तो हिशेब असा चालतो. युस्टिस आधी मागे किती वर्षे पाहायचे ते ठरवते. साधारण नियम चार वर्षांचा आहे. तेवीस वर्षांखालच्यांसाठी साधारणपणे दोन वर्षांचा. लैंगिक गुन्ह्यांना मुदतच नाही, ते कायमचे पाहिले जातात. तुरुंगात काढलेला काळ मुदतीत धरत नाहीत, तेवढी मुदत लांबते. त्या काळात काही सापडले नाही तर दाखला मिळतो. सापडले तर पहिला प्रश्न विचारला जातो : हाच गुन्हा या माणसाने या नोकरीत पुन्हा केला, तर समाजाला धोका आहे का? इथे "ती पुन्हा करणारच नाही हो" या वाक्याला काही किंमत नसते. पुन्हा करील असे कोणी म्हणत नसते, धोक्याचा प्रकार तेवढा तपासतात.

आणि इथेच नर्सिंगचे दुखणे आहे. दुकानातून लिपस्टिक उचलणे ही गोष्ट आपल्याला पोरकट वाटते. पण रुग्णाच्या उशाशी अंगठी असते, पाकीट असते, घरी जाऊन सेवा करणाऱ्या सिस्टरच्या हातात म्हाताऱ्या आजींच्या घराची किल्ली असते. म्हणून चोरीची नोंद या क्षेत्रात जड जाते. अमली पदार्थांची नोंद जड जाते, कारण वॉर्डात औषधांचे कपाट आहे. मारामारीची जाते, कारण अंथरुणाला खिळलेला माणूस प्रतिकार करू शकत नाही. तीच नोंद असलेल्या मुलीला गोदामातल्या कामासाठी व्हीओजी मिळू शकतो. दाखला त्या-त्या कामापुरता असतो, माणसाच्या एकूण चारित्र्यावरचा शिक्का नव्हे. एका ठिकाणी नाकारला म्हणजे सगळीकडची दारे बंद झाली, असे घरातल्या मोठ्यांनी मुलांना सांगू नये. आम्ही ते ऐकले आहे, म्हणून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'धोका आहे' असे आले तरी लगेच नकार होत नाही. मग दुसरी पायरी : प्रकरण कसे मिटले (न्यायालयात की दंडावर), किती काळ गेला आणि एकूण नोंदी किती. एकच नोंद, लहान दंड, त्यानंतर शांतता, हे अर्जदाराच्या बाजूने जाते. त्यानंतरही शंका राहिली तर घटना कोणत्या परिस्थितीत घडली ते पाहतात.

नाकारायचे ठरत असेल तर आधी एक पत्र येते, तसा विचार असल्याचे कळवणारे. त्यावर आपले म्हणणे मांडायला दोन आठवडे मिळतात. त्याला इथे 'झीन्सवाइझे' म्हणतात. हे पत्र म्हणजे नकार नव्हे, पण आपल्याकडे बरेच जण ते वाचून खचतात आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतात. तसे करू नका. ही संधी पुष्कळदा निर्णायक असते. फक्त काय लिहायचे ते नीट समजून घ्या. आमच्याकडे एक मसुदा वाचायला आला होता. चार पाने, त्यांतली तीन घराण्याविषयी : आजोबा हेडमास्तर, वडील इंजिनियर, घरात कधी कोणी सुपारीसुद्धा खात नाही. युस्टिसला याचा उपयोग नाही. त्यांच्या तीन मुद्द्यांना धरून लिहा. किती काळ गेला, त्या काळात काय केले, दंड किंवा सेवेची शिक्षा केव्हा पूर्ण झाली, अभ्यासाचे निकाल काय, जिथे काम केले तिथल्या वरिष्ठांचे पत्र. घटनेचे वर्णन तीन-चार ओळींत, न लपवता. कॉलेजच्या शिक्षकांना विश्वासात घेता आले तर उत्तम, पण ते ज्याचे त्याने ठरवावे.

नंतरही नकार आला तर सहा आठवड्यांच्या आत 'बेझ्वार' म्हणजे हरकत, मग जिल्हा न्यायालयात 'बेरूप', आणि शेवटी राद व्हान स्टाटे. इथपासून वकील हवा. उत्पन्न कमी असेल तर सरकारी मदतीने वकील मिळतो, आणि 'युरिडिश लोकेट'मध्ये प्राथमिक सल्ला फुकट मिळतो. आपल्यातल्याच कुणा हुशार काकांना विचारून मोकळे होऊ नका. काकांचा अनुभव कर परताव्याचा असतो.

इथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम लांबवून सांगणार आहोत, कारण तिन्ही घरांत चूक तिथेच झाली होती. लेउवार्डनहून, सीजेआयबीकडून, दंडाची पाकिटे येतात हे प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक आहे. जरा वेगात गेलो, पार्किंग चुकले, पत्र आले, भरून टाकले. असे साधे वाहतूक दंड प्रशासकीय असतात आणि त्यांची गुन्हेगारी नोंद होत नाही. पण त्याच कार्यालयाकडून येणारे दुसरे एक पत्र असते, 'स्ट्राफबेशिक्किंग'. १ फेब्रुवारी २००८ पासून सरकारी वकिलांच्या खात्याला काही गुन्ह्यांत न्यायाधीशापुढे न जाता स्वतः शिक्षा ठरवण्याचा अधिकार मिळाला, तेच हे. दुकानातील चोरी, लहान मारामारी, नासधूस यांत ते येऊ शकते. पाकीट दिसायला जवळजवळ तसेच. रक्कमही फार नसते. आपला स्वभाव असा की देणे ठेवायचे नाही, सरकारचे तर मुळीच नाही. म्हणून वडील त्याच संध्याकाळी बँकेतून पैसे पाठवतात. पण तो दंड भरला की दोष कायम झाला, आणि गुन्ह्याची नोंद झाली. हरकत घ्यायची असेल तर ती पत्र मिळाल्यापासून दोन आठवड्यांत घ्यायची असते. त्याला 'फेरझेट' म्हणतात. मग प्रकरण न्यायाधीशापुढे जाते. एकदा पैसे भरले की हा हक्क गेला.

हरकत नेहमी घ्यावीच असे आम्ही म्हणत नाही. गुन्हा घडला असेल आणि पुरावा स्पष्ट असेल तर न्यायालयात जाऊन अधिकच होऊ शकते. पण ज्या मुलाला किंवा मुलीला उद्या रुग्णसेवेत, शाळेत, बालवाडीत काम करायचे आहे, त्यांच्या घरी हे पत्र आले तर भरण्याआधी वकिलाला दाखवा. पाकिटावर कोणता शब्द आहे तो वाचा. तसेच पोलिसांनी चौकशीला बोलावले तर आधी वकिलाशी बोलणे हा हक्क आहे, त्यात संशय वाढण्यासारखे काही नाही. "आपण काही केलंच नाही तर वकील कशाला" हे वाक्य आपल्या घरांत फार चालते.

मुले बारा ते अठरा या वयातली असतील तर आणखी एक वाट आहे, 'हाल्ट'. ही पद्धत १९८१ मध्ये रॉटरडॅममध्ये सुरू झाली. लहान गुन्ह्यासाठी मुलाला काही तासांचे काम, माफी मागणे, नुकसान भरून देणे असे काही नेमून देतात, आणि ते पूर्ण केले तर गुन्ह्याची नोंद होत नाही. पुढे व्हीओजीला त्याचा त्रास नाही. काही पालकांना हाल्टचे नाव ऐकून अपमान वाटतो. आमच्या मते हे पत्र आले तर देवापुढे साखर ठेवावी.

परिचारिकेच्या बाबतीत दोन वेगळे कागद आहेत, त्यांची गल्लत होते. एक बिग-रजिस्टर. १९९३ च्या कायद्याने ते आले, आणि परिचारिका म्हणवून घ्यायचे तर त्यात नाव हवे. दर पाच वर्षांनी नोंदणी ताजी करावी लागते, त्यासाठी प्रत्यक्ष कामाचे २०८० तास किंवा पर्यायी परीक्षा. रजिस्टर पाहते ते डिप्लोमा, आणि न्यायालयाने किंवा शिस्तपालन मंडळाने हा व्यवसाय करण्यास बंदी घातली आहे का ते. दुसरा कागद व्हीओजी, तो मालक मागतो. वृद्धाश्रमासारख्या दीर्घकालीन सेवेच्या संस्था आणि मनोरुग्णालये यांना तो मागणे २०१६ च्या आरोग्यसेवेच्या कायद्यापासून बंधनकारकच आहे, आणि कामावर रुजू होताना तो तीन महिन्यांहून जुना चालत नाही. म्हणजे बिगमध्ये नाव आहे पण व्हीओजी नाही, अशी अडचण येऊ शकते. आणि ती पदवीच्या दिवशी कळत नाही, पहिल्याच वर्षी प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या वेळी कळते. एका अर्थी बरेच. चार वर्षे शिकून कळण्यापेक्षा आधी कळलेले चांगले, तोवर दोन-चार वर्षांची मुदत सरायला आलेली असते.

भारतातून शिकून येणाऱ्या सिस्टरांचा प्रश्न थोडा निराळा. त्यांना इथल्या खात्याकडून डिप्लोमाची तपासणी, डच भाषा आणि ज्ञानाच्या परीक्षा, हे सर्व करावे लागते. शिवाय तिकडून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे 'गुड स्टँडिंग' आणि पोलिसांचे पीसीसी मागितले जाऊ शकते. आणि तिथे आपल्याकडची एक खास अडचण निघते : शिक्षा झालेली नसते, नुसता खटला चालू असतो, पण पीसीसी अडते. भावाच्या लग्नाचे बिनसले आणि वहिनीने तक्रार केली, त्यात नणंद म्हणून सिस्टरचेही नाव. कलम ४९८-अ, जे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम ८५ झाले. तक्रार खरी की खोटी यात आम्ही पडत नाही, दोन्ही प्रकार आम्ही पाहिले आहेत. पण खटला दहा वर्षे चालला तर नोकरी दहा वर्षे थांबते. ज्यांना भारतात लहान गुन्ह्यात दोषी ठरवून न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडले आहे, त्यांनी १९५८ चा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा वकिलाकडून समजून घ्यावा. त्याच्या कलम १२ मध्ये असे आहे की त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता अशा माणसाला लागू होत नाही. हे कलम खुद्द आपल्याकडच्या कार्यालयांत फार थोड्यांना माहीत असते.

तिन्ही फोनांच्या शेवटी एक वाक्य आले होते : "शिक्षा झाली म्हणजे काहीतरी केलंच असणार, असं लोक म्हणणार." त्याला उत्तर म्हणून इथल्याच एका परिचारिकेची हकिकत सांगावीशी वाटते. नवीन आलेल्या कुटुंबांना ती ठाऊक नसेल.

लुसिया द बर्क ही हेगच्या युलियाना बाल रुग्णालयात परिचारिका होती. ४ सप्टेंबर २००१ ला तिथे एक तान्हे बाळ दगावले. मग तिच्या पाळीत झालेले मृत्यू आणि अचानक बिघडलेल्या प्रकृती यांची यादी करण्यात आली, ती पूर्वी जिथे काम करत होती तिथलीही. डिसेंबरमध्ये तिला अटक झाली. खटल्यात एका तज्ज्ञाने सांगितले की इतक्या घटनांच्या वेळी तीच हजर असणे हा नुसता योगायोग असण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक आहे. शिवाय तिच्या डायरीत, एका वृद्ध रुग्णाच्या मृत्यूच्या दिवशी, आपल्याला आवरता येत नाही अशा एका ओढीचा उल्लेख होता. ती म्हणाली, मला टॅरोचे पत्ते मांडून पाहण्याची सवय आहे, रुग्णांसाठी ते पाहते आणि कामावर ते शोभत नाही म्हणून लपवते. सरकारी पक्षाने त्याचा अर्थ खुनाची ओढ असा लावला. (पत्रिका आणि पंचांग घेऊन परदेशी आलेल्या आपल्या लोकांनी यावर थोडा विचार करावा.)

मार्च २००३ मध्ये जन्मठेप. जून २००४ मध्ये वरच्या न्यायालयाने सात खून आणि तीन खुनांचे प्रयत्न धरून ती कायम केली. तेव्हा तो ३४ कोटींचा आकडा पुरावा म्हणून वगळला होता, पण एक-दोन मृत्यू विषप्रयोगाने झाले असे धरून बाकीचे त्याला साखळीसारखे जोडले. तेव्हा इथे जन्मठेप म्हणजे खरोखर जन्मभर असे. २००६ मध्ये तुरुंगात असताना तिला पक्षाघाताचा झटका आला. नवल असे की तिच्या बाजूने उभे राहिले ते तिचे नातेवाईक किंवा पुढारी नव्हते. मेट्टा द नो या डॉक्टर बाई आणि त्यांचे भाऊ टोन डर्कसन, विज्ञानाचे तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी कागद पुन्हा वाचले. डर्कसन यांचे पुस्तक २००६ मध्ये आले. लायडनचे संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड गिल यांनी दाखवले की तो आकडा काढण्याची रीतच चुकीची होती. ती पाळीवर असताना घडलेल्या घटनाच संशयास्पद ठरवायच्या, आणि मग त्या तिच्या पाळीतच कशा घडल्या म्हणून आश्चर्य करायचे, असा तो प्रकार. एप्रिल २००८ मध्ये तिला घरी सोडले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा उघडला, आणि १४ एप्रिल २०१० ला आर्नेमच्या न्यायालयाने ती निर्दोष असल्याचा निकाल दिला. ज्या मृत्यूंवरून हे सारे उभे राहिले ते खूनच नव्हते. सरकारने नंतर तिला भरपाई दिली. २०१४ मध्ये तिच्यावर डच चित्रपटही निघाला.

ही गोष्ट आपल्या तीन मुलांसारखी नाही, हे आम्हांला कळते. त्यांच्या हातून चूक झाली होती, तिच्या हातून झाली नव्हती. पण सहा वर्षांहून अधिक काळ त्या बाईच्या नावापुढे जे लिहिले होते ते साऱ्या देशाने खरे मानले होते. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत कुणाविषयी बोलताना एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता उरलेले थोडेसे. डच नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल तर गुन्ह्याची नोंद तिथेही पाहतात, आणि ती थांबण्याची मुदत १ मे २०१८ पासून चारऐवजी पाच वर्षे झाली आहे. व्हीओजी मिळाला म्हणजे नागरिकत्वही मिळेल, असे धरून चालू नका. इंग्लंडला जाण्याचा विचार असेल तर तिथे १९७४ च्या कायद्याने जुन्या शिक्षा काही काळाने 'सरलेल्या' मानतात, पण नर्सिंगला त्यातून वगळले आहे, तिथे जुनेही विचारतात.

अर्ज मालकाने ऑनलाइन सुरू केला तर डिगिडीने पुरा करायचा, नाहीतर खेमेन्तेच्या खिडकीवर कागदी फॉर्म. नोंद नसेल तर दाखला लवकर येतो, नोंद असेल तर काही आठवडे लागतात, म्हणून प्रशिक्षण सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात अर्ज करू नका. फॉर्मवर मालक कामाचे स्वरूप ठरवून देतो. आरोग्यसेवेसाठी वेगळे स्वरूप आहे. तिथे भलतीच खूण झाली तर दाखला मिळूनही उपयोगी पडत नाही.

आपल्या नावावर नेमकी कोणती नोंद आहे हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसते. दोन घरांत आई-वडिलांच्या आठवणी एकमेकांशी जुळत नव्हत्या. ती नोंद अल्मेलो येथील 'युस्टिड' या खात्याकडे असते, आणि स्वतःची नोंद पाहण्यासाठी तिथे लेखी अर्ज करता येतो. व्हीओजीचा अर्ज भरण्याआधी हे करून घ्या. झीन्सवाइझे लिहायची वेळ आली आणि डच भाषेची अडचण असेल तर मसुदा आमच्याकडे पाठवा, नाव खोडून पाठवलात तरी चालेल. पण दोन आठवड्यांची मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजा, आमच्या उत्तराची वाट पाहत बसू नका.

पुढच्या अंकात, भारतातील नर्सिंग डिप्लोमाची तपासणी आणि भाषेच्या परीक्षा.